गोव्यातून सरकारी अनुवादक किंवा दुभाषी व्हायचं तर: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

अनुवादकाची जाहिरात निघाली की गोव्यातल्या मराठी उमेदवारांचे अर्ज ठरलेल्या तीन ठिकाणी अडकतात. पदवीच्या मार्कशीटवर हवा तो भाषेचा पेपर नसतो, रहिवासी दाखला अजून मामलेदार कचेरीत असतो, किंवा तयारी एका भाषेची आणि परीक्षा दुसऱ्या भाषेची असते. यातली एकही अडचण जाहिरातीनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत सुटत नाही, म्हणून बरीचशी कामं जाहिरातीच्या आधीच उरकायची आहेत. खालचे टप्पे त्याच क्रमाने लावले आहेत. क्रम मोडू नका, विशेषतः पहिले तीन.

टप्पा १: आधी भाषाजोडी ठरवा

‘मला मराठी, कोकणी, हिंदी, इंग्रजी चारही येतात’ या वाक्याला सरकारी भरतीत किंमत नाही. जागा असते ती एका ठरावीक जोडीची, आणि परीक्षाही त्याच जोडीची होते.

हिंदी–इंग्रजी: गोव्यातल्या मराठी माणसाला हे ऐकायला आवडत नाही, पण सर्वात जास्त कायमस्वरूपी जागा इथेच आहेत. राजभाषा अधिनियम, १९६३ च्या कलम ३(३) प्रमाणे केंद्र सरकारचे सामान्य आदेश, अधिसूचना, करार, निविदा, प्रसिद्धिपत्रकं वगैरे हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत काढावी लागतात. राजभाषा नियम, १९७६ प्रमाणे गोवा ‘ग’ क्षेत्रात येतो. इथे हिंदी पत्रव्यवहाराचा आग्रह तुलनेने सौम्य आहे, पण कलम ३(३) मधून सुटका कोणाचीच नाही. मुरगाव बंदर, गोवा शिपयार्ड, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, जुन्या गोव्यातली किनारी कृषी संशोधन संस्था, सीमाशुल्क, आयकर, राष्ट्रीयीकृत बँका या सगळ्यांना हे काम करावंच लागतं. शिवाय कर्मचारी निवड आयोग, म्हणजे एसएससी, हिंदी अनुवादकांसाठी देशपातळीवर एकत्रित परीक्षा घेतो.

कोकणी–इंग्रजी आणि मराठी–इंग्रजी: ही राज्य सरकारची बाजू. राजभाषा कायदा, १९८७ प्रमाणे देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि मराठीचा वापर शासकीय कामासाठी करता येतो. राजभाषा संचालनालय, पर्वरीचं विधिमंडळ सचिवालय, माहिती व प्रसिद्धी खातं आणि न्यायालयं ही इथली ठिकाणं. जागा मोजक्या असतात आणि दरवर्षी निघतीलच असं नाही.

गोव्याबाहेरची मराठी–इंग्रजी: न्यायालयांकडे लक्ष ठेवा. निकालपत्रं भारतीय भाषांत आणण्याचं काम वाढलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कनिष्ठ अनुवादक दर्जाच्या कोर्ट असिस्टंट पदांची जाहिरात काढली तेव्हा तीत मराठीही होती.

पोर्तुगीज–इंग्रजी: हे गोव्याचं वेगळंच क्षेत्र आहे. १९६१ पूर्वीचे जमिनीचे दस्त, जन्म-विवाहाच्या नोंदी, वारसाहक्काची इन्व्हेंटरी प्रकरणं आजही कोर्टात आणि निबंधक कार्यालयात येतात. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतल्या तरतुदींशी संबंध आला की मूळ मजकूर वाचणारा माणूस लागतोच. कायम पदं कमी आहेत, पण ही भाषा जाणणारेही तितकेच कमी आहेत. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा पदव्युत्तर अभ्यास होतो. मात्र छापील पोर्तुगीज वाचता येणं आणि शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाचं तिरपं हस्ताक्षर लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा सराव जुन्या दस्तांवरच होतो.

एक मुख्य जोडी आणि एक दुय्यम जोडी ठरवा. माझं मत विचाराल तर, मराठीत एम. ए. केलेल्यानेही हिंदी–इंग्रजी ही जोडी मुख्य ठेवावी आणि राज्यातल्या जागांसाठी कोकणी पक्की करावी. फक्त मराठीची जागा हवी असा हट्ट धरला तर वाट पाहण्यातच वयोमर्यादा उलटते.

सावध: सीमेपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, बांदा इथून रोज गोव्यात कामाला येणाऱ्यांनी राज्य सरकारच्या जागांवर वेळ घालवण्याआधी टप्पा ३ वाचावा.

टप्पा २: मार्कशीट समोर घेऊन पात्रता तपासा

सर्वाधिक अर्ज इथे बाद होतात, आणि तेही परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, कागदपत्रं तपासताना. ‘एम. ए. झालंय ना’ एवढं पुरत नाही.

एसएससीच्या हिंदी अनुवादक परीक्षेला पदव्युत्तर पदवी लागते, पण खरी मेख पदवीच्या पातळीवर आहे. अटींचे पर्याय साधारण असे असतात:

१. एम. ए. हिंदी असेल, तर पदवीला इंग्रजी हा अनिवार्य किंवा ऐच्छिक विषय, नाहीतर परीक्षेचं माध्यम.

२. एम. ए. इंग्रजी असेल, तर पदवीला हिंदी त्याच प्रकारे.

३. पदव्युत्तर पदवी तिसऱ्याच विषयाची, म्हणजे मराठी, इतिहास, अर्थशास्त्र वगैरेची असेल, तर पदवीला हिंदी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा विषय म्हणून, किंवा एक माध्यम आणि दुसरी विषय म्हणून.

तिसऱ्या पर्यायामुळे एम. ए. मराठीवाल्यांनाही दार उघडं आहे. पण पदवीच्या वर्षांत दुसरी भाषा म्हणून हिंदीऐवजी मराठी किंवा कोकणी घेतली असेल, तर तेच दार बंद होतं. तेव्हा तीन-चार वर्षांच्या सगळ्या मार्कशीट काढा आणि कुठल्या सत्रात कुठल्या भाषेचा पेपर होता ते एका कागदावर लिहा. पेपरचं नाव मोघम असेल, तर तो कुठल्या भाषेचा होता आणि अनिवार्य होता की ऐच्छिक, याचं पत्र कॉलेजकडून आत्ताच घ्या. अजून कॉलेजात असाल तर भाषेचा पेपर निवडताना ‘सोपा कुठला’ हे पाहू नका.

पदवीच्या जोडीला आणखी एक अट असते: हिंदी–इंग्रजी अनुवादाची मान्यताप्राप्त पदविका किंवा प्रमाणपत्र, नाहीतर केंद्र वा राज्य सरकारच्या कार्यालयात अनुवादाच्या कामाचा ठरावीक अनुभव. कनिष्ठ पदांसाठी तो दोन वर्षांचा आणि वरिष्ठ पदासाठी तीन वर्षांचा असतो.

इथे दोन गैरसमज आहेत. वर्तमानपत्रात बातम्यांचा अनुवाद केला, प्रकाशकासाठी पुस्तक केलं, एजन्सीसाठी वेबसाइट केली, हा अनुभव या अटीत धरला जात नाही. दुसरं, केंद्रीय अनुवाद ब्यूरोचं प्रशिक्षण घेऊन पात्र होऊ असं अनेकांना वाटतं, पण ते प्रशिक्षण नोकरीत असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांसाठी असतं. बाहेरच्या उमेदवाराला पदविकाच करावी लागते. इग्नूची अनुवादातली पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणाने करता येते आणि नोकरी सांभाळूनही जमते. पण तिला किमान एक वर्ष जातं आणि निकालाला वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर प्रवेश घेऊन उपयोग नाही.

बँकांच्या राजभाषा अधिकारी पदाचं गणित याहून वेगळं आहे. आयबीपीएस, म्हणजे सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणारी संस्था, तिच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत एम. ए. हिंदी आणि पदवीला इंग्रजी, किंवा एम. ए. संस्कृत आणि पदवीला हिंदी व इंग्रजी, अशी अट असते. एम. ए. मराठी तिथे चालत नाही.

तपासा: पात्रता ठरते ती जाहिरातीत दिलेल्या निर्णायक तारखेला. त्या तारखेनंतर लागलेला निकाल, मग तो एका दिवसाने उशिरा का असेना, धरला जात नाही.

टप्पा ३: गोव्याची कागदपत्रं आधी जमवा

राज्य सरकारच्या जागांसाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. तो तुमच्या तालुक्याच्या मामलेदार कार्यालयातून मिळतो आणि अर्ज गोवा ऑनलाईन पोर्टलवरूनही करता येतो. शाळेचे दाखले, रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, घरपट्टीच्या पावत्या यांतून सलग वास्तव्य दिसलं पाहिजे. शिक्षणासाठी पुण्याला किंवा कोल्हापूरला काही वर्षं काढली असतील, तर त्या काळाचं काय, हे अर्ज करण्याआधी कचेरीत विचारून घ्या. चौकशी, तलाठ्याचा अहवाल आणि सह्या यांत दिवस जातात. आणि हो, जाहिरातीत ‘वैध’ दाखला म्हटलेलं असतं. जुना दाखला कपाटातून काढून जोडू नका.

दुसरं म्हणजे रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड. त्याचं नूतनीकरण राहून जातं आणि नेमकं अर्जाच्या वेळी लक्षात येतं. एम. ए. किंवा पदविका झाल्यावर नवी पात्रताही त्यावर चढवून घ्या.

तिसरी गोष्ट कोकणी. गोव्याच्या भरतीत ‘कोकणीचं ज्ञान आवश्यक, मराठीचं ज्ञान इष्ट’ हे वाक्य सर्रास असतं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंड्याकडची आपली माणसं घरी कोकणी बोलतात, पण लिहायची वेळ आली की मराठीवर जातात. अनुवादकाच्या जागेसाठी बोलता येणं पुरणार नाही. देवनागरी कोकणीत अर्धं पान शासकीय मजकूर शुद्ध लिहिता आला पाहिजे. कोकणी–मराठी वाद तुमच्या मनात कुठल्याही बाजूने असो, परीक्षेच्या हॉलमध्ये तो घेऊन जाऊ नका.

आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा: राज्य सरकारच्या नमुन्यातला ओबीसी दाखला केंद्राच्या भरतीत चालत नाही. केंद्रासाठी केंद्राच्याच नमुन्यातला, उन्नत गटात (क्रीमी लेयरमध्ये) नसल्याचा उल्लेख असलेला आणि जाहिरातीत सांगितलेल्या कालावधीतला दाखला लागतो. त्यात तुमची जात केंद्राच्या यादीत आहे का, हेही आधी पाहावं लागतं. आर्थिक दुर्बल घटकाचा दाखलाही ठरावीक आर्थिक वर्षाचाच असतो.

शेवटची बाब गोव्यात हमखास नडणारी: आडनावाचं रोमन स्पेलिंग. जन्माच्या नोंदीत पोर्तुगीज वळणाचं, दहावीच्या प्रमाणपत्रात इंग्रजी वळणाचं, आधारवर तिसरंच. नाईक, गांवकर, कामत, शेट अशा आडनावांच्या घरात हे पाहायला मिळतंच. केंद्राच्या भरतीत दहावीचं प्रमाणपत्र हाच आधार धरतात. बाकीची कागदपत्रं त्याच्याशी जुळवून घ्या. नाव रीतसर बदलायचं असेल, तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्या प्रक्रियेला वेळ लागतो.

टप्पा ४: जाहिरात शोधण्याआधी भरती नियम वाचा

व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या जाहिरातीत अर्धी माहिती गळालेली असते. त्यापेक्षा राजपत्र पाहायची सवय लावा. गोवा सरकारच्या राजपत्राच्या पहिल्या मालिकेत खात्यांचे भरती नियम प्रसिद्ध होतात. पदाचं नाव, वेतनश्रेणी, आवश्यक पात्रता, इष्ट पात्रता, किती जागा थेट भरतीने आणि किती पदोन्नतीने, हे सगळं त्यात असतं. जाहिरात याच नियमांवरून निघते. म्हणजे राजभाषा संचालनालयातल्या किंवा विधिमंडळ सचिवालयातल्या अनुवादक पदाला काय लागेल, हे जाहिरातीच्या कितीतरी आधी कळू शकतं. हे वाचण्याचे कष्ट फार थोडे उमेदवार घेतात.

गोव्यातली भरती कोणामार्फत होते तेही पक्कं ठेवा. राजपत्रित पदं गोवा लोकसेवा आयोगाकडून, तर ‘क’ गटातली बहुतेक पदं गोवा कर्मचारी निवड आयोगाकडून संगणकाधारित परीक्षेने भरली जातात. न्यायालयं आणि विधिमंडळ आपली भरती स्वतंत्रपणे करतात, त्यामुळे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचं आणि उत्तर व दक्षिण गोवा जिल्हा न्यायालयांचं संकेतस्थळ वेगळं पाहावं लागतं. बंदर, शिपयार्ड, संशोधन संस्था यांच्या जाहिराती त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळावर येतात. पदाचं नाव दरवेळी ‘अनुवादक’ असेल असंही नाही. हिंदी अधिकारी, राजभाषा सहायक, कनिष्ठ अनुवाद अधिकारी अशी नावं असतात. शोध घेताना ती सगळी टाकून पाहा.

सावध: आकाशवाणीच्या वृत्तनिवेदक-नि-अनुवादक पॅनेलसाठी अधूनमधून अर्ज मागवतात. सरावाला हे काम उत्तम आहे, जरूर करा. पण ते नैमित्तिक काम आहे, नोकरी नव्हे. कंत्राटी अनुवादकाच्या जागेचंही तेच. ‘पुढे कायम करतील’ या आशेवर मुख्य परीक्षा सोडू नका.

टप्पा ५: सराव, पण सरकारी मजकुराचा

कथा-कवितांचा अनुवाद करणारे या परीक्षांत अडखळतात. हात चांगला असतो, पण वळण वेगळं असतं. सरकारी मजकुरात सौंदर्यापेक्षा जबाबदारी महत्त्वाची. इंग्रजी कायद्यात ‘शॅल’ असेल तिथे काम बंधनकारक आहे, ‘मे’ असेल तिथे मुभा आहे. दोन्हींचा अनुवाद ‘करावे’ असा केला तर कायदाच बदलला. परीक्षक पहिल्यांदा हेच बघतो.

साहित्य फुकट आहे. केंद्रीय मंत्रालयांचे वार्षिक अहवाल, अर्थसंकल्पीय भाषण, पत्र सूचना कार्यालयाची प्रसिद्धिपत्रकं हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतात. इंग्रजी उतारा घ्या, स्वतः अनुवाद करा, मग अधिकृत हिंदी पाठ शेजारी ठेवून फरक लाल शाईने नोंदवा. उलट दिशेनेही तेच करा, कारण हिंदीतून इंग्रजीकडे जाताना बहुतेकांची गाडी घसरते. वैज्ञानिक आणि तांत्रिक शब्दावली आयोगाची प्रशासकीय शब्दावली रोज थोडी पाठ करा. मराठीसाठी महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे पदनाम आणि शासन व्यवहाराचे कोश वापरा, पण डोळे मिटून नको. गोव्यात मामलेदार आहे, तहसीलदार नाही. इथे एक-चौदाचा उतारा असतो, सातबारा नसतो. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा), कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था), आल्वारा (पोर्तुगीज काळातली जमिनीची सनद) या शब्दांना महाराष्ट्रात प्रतिशब्द नाही आणि तो शोधायचाही नाही, कारण ते कायद्यातले शब्द आहेत. महाराष्ट्राच्या कोशातून तयारी केलेला उमेदवार गोव्याच्या परीक्षेत असल्या जागी लगेच ओळखू येतो.

हिंदी लिहिताना मराठी माणसाच्या काही चुका इतक्या ठरलेल्या आहेत की त्यांची वेगळी वही करावी:

ऱ्हस्व-दीर्घ. मराठीत आपण समिती, नीती, गती असं शेवटी दीर्घ लिहितो. हिंदीत समिति, नीति, गति. एका पानावर अशा दहा चुका सहज होतात आणि त्या मोजून गुण जातात.

लिंग. आवाज, आत्मा, पुलिस हे शब्द हिंदीत स्त्रीलिंगी आहेत. मराठी कान ते पुल्लिंगी ठेवतो आणि मग पूर्ण वाक्याचं क्रियापद चुकतं. शब्द पाठ करताना लिंगासकट करा.

दिसायला सारखे, अर्थाने वेगळे शब्द. हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकतही असते, ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. हिंदीतून मराठीत येताना यांतला एखादा शब्द तसाच उतरला, तर शिक्षण खात्याच्या परिपत्रकातून विद्यार्थ्यांना दंड व्हायचा!

सराव हाताने, कागदावर करा. एसएससीचा अनुवादाचा दुसरा पेपर लेखी असतो. संगणकावर टंकलेखन करून आणि यंत्राकडून कच्चा खर्डा काढून सवय झालेल्यांचा हात तासाभरात भरून येतो. नोकरीत गेल्यावर कंठस्थ या सरकारी अनुवाद-प्रणालीसारखी साधनं वापरायला मिळतीलच. परीक्षेत शब्दकोशही नसतो.

तपासा: सराव सुरू केल्यावर काही आठवड्यांनी स्वतःचा जुना अनुवाद, मूळ न पाहता, मोठ्याने वाचा. मूळ वाक्य काय असेल हे ऐकूनच कळत असेल, तर तुमचं मराठी किंवा हिंदी अजून इंग्रजीच्या सांगाड्यावर उभं आहे.

टप्पा ६: अर्ज

इथे फार बोलण्यासारखं नाही. एसएससीला एकदाच करायची नोंदणी असते, ती आत्ताच करून ठेवा. शुल्क १०० रुपये आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि माजी सैनिक यांना ते माफ आहे. फोटो आणि सही सूचनेप्रमाणेच द्या, फोटो अस्पष्ट म्हणूनही अर्ज नाकारले जातात. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावतं, हे माहीत असूनही लोक शेवटचाच दिवस धरतात. राज्याच्या आयोगाला अर्ज करताना रहिवासी दाखल्याचा क्रमांक आणि तारीख हाताशी ठेवा. अर्ज भरून झाल्यावर त्याची आणि जाहिरातीची पीडीएफ एकत्र जपून ठेवा. वर्षभराने कागदपत्रं तपासताना जाहिरात संकेतस्थळावर सापडेलच असं नाही.

टप्पा ७: परीक्षेच्या दिवशी वेळेची वाटणी

एसएससीचा पहिला पेपर वस्तुनिष्ठ असतो: सामान्य हिंदी १०० आणि सामान्य इंग्रजी १०० असे २०० गुण, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. दुसरा पेपर २०० गुणांचा, दोन तासांचा: हिंदीतून इंग्रजीत एक उतारा, इंग्रजीतून हिंदीत एक उतारा, आणि दोन्ही भाषांत एकेक निबंध. अंतिम गुणवत्ता दोन्ही पेपरांच्या बेरजेवर ठरते, म्हणून पहिला पेपर ‘फक्त पास व्हायचा’ समजू नका.

दुसऱ्या पेपरात उमेदवार निबंधावर एक तास खर्च करतात आणि शेवटचा उतारा अर्धा सोडून येतात. १२० मिनिटं अशी वाटा: प्रत्येक उताऱ्याला ३५, प्रत्येक निबंधाला २०, उरलेली १० मिनिटं फेरतपासणीला. उतारे आधी, निबंध नंतर.

उतारा हातात आला की लगेच लिहू नका. पूर्ण वाचा, आकडे, तारखा आणि पदनामांखाली रेघ मारा. एखादा पारिभाषिक शब्द अडला तर वाक्य सोडू नका, अर्थ सोप्या शब्दांत पुरवा. गाळलेलं वाक्य हे साध्या शब्दात केलेल्या वाक्यापेक्षा महाग पडतं. फेरतपासणीत शैली पाहू नका. वाक्यं मोजा, आकडे जुळवा, नकार तपासा. ‘नाही’ गळणं ही या परीक्षेतली सर्वात वाईट चूक, कारण वाचताना ती लक्षात येत नाही.

बँकांच्या राजभाषा अधिकारी परीक्षेत भाषेआधी तर्कशक्ती आणि बँकिंगसह सामान्य ज्ञानाची चाळणी असते. भाषेचा माणूस तिथेच गळतो. ती तयारी वेगळी ठेवा.

टप्पा ८: दुभाषी व्हायचं असेल तर

हा मार्ग अनुवादकाचाच पुढचा भाग आहे असं समजू नका. चांगला अनुवादक दुभाषी म्हणून पूर्ण फसू शकतो. कागदावर विचार करायला वेळ असतो, तोंडी कामात नसतो.

संसदेत समकालिक भाषांतर चालतं. वक्ता बोलत असतानाच कक्षात बसलेला दुभाषी दुसऱ्या भाषेत बोलतो. राज्यसभेत जुलै २०१८ पासून कोकणीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांतून बोलण्याची सोय आहे, त्यामुळे मराठी आणि कोकणी दोन्ही सहज बोलणाऱ्या गोवेकराला इथे खरंच वाव आहे. संसदीय दुभाष्याच्या निवडीत भाषणकौशल्य आणि समकालिक भाषांतर दोन्ही तपासतात. उच्चार, श्वास, आवाजाचा टिकाव या गोष्टी तिथे गुणांच्या आहेत.

न्यायालयातलं काम वेगळं. गोव्याच्या कनिष्ठ न्यायालयांत साक्षीदार कोकणीत किंवा मराठीत बोलतो आणि साक्ष इंग्रजीत नोंदवली जाते. शपथ अधिनियम, १९६९ प्रमाणे साक्षीचं भाषांतर करणाऱ्या दुभाष्यालाही शपथ घ्यावी लागते. साक्षीदार अडखळला तर तुम्ही त्याचं वाक्य नीट करून सांगायचं नाही. त्याने शिवी दिली तर शिवीच सांगायची. ‘मी’ म्हणाला तर ‘मी’च म्हणायचं, ‘हा म्हणतो की’ नको. नवख्याचा हात नेमका इथे सुटतो, कारण मदत करायची इच्छा होते.

सरावाचा क्रम असा ठेवा. आधी छाया-सराव: वक्त्याच्या मागोमाग त्याच भाषेत बोलत जायचं. तो अडखळल्याशिवाय जमला की तीन मिनिटांचं भाषण ऐकून, थोडक्या खुणा टिपून, ते दुसऱ्या भाषेत सांगायचं. नोंदीत वाक्यं लिहू नका. नावं, आकडे आणि ‘पण’, ‘म्हणून’, ‘तरी’ असे दुवे टिपा. समकालिक सराव सर्वात शेवटी. गोवा विधानसभेच्या कामकाजाचं थेट प्रक्षेपण यासाठी छान आहे, कारण सदस्य एकाच वाक्यात कोकणी, मराठी आणि इंग्रजी सहज मिसळतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरे. कक्षात काम करणारे दुभाषीसुद्धा साधारण वीस-तीस मिनिटांनी जोडीदाराकडे माइक देतात.

तपासा: स्वतःचं ध्वनिमुद्रण करा आणि मूळ भाषण न ऐकलेल्या माणसाला ऐकवा. वक्ता काय म्हणाला हे त्याला सांगता आलं नाही, तर तुमचा वेग वाढलेला आहे आणि अर्थ मागे पडला आहे.

टप्पा ९: निवड यादीत नाव आल्यावर

कागदपत्रं तपासायला जाताना सगळी मूळ प्रमाणपत्रं, प्रत्येकाच्या स्वसाक्षांकित प्रती, जतन केलेली जाहिरात आणि भाषेच्या पेपरचं कॉलेजचं पत्र एकाच फाईलमध्ये, जाहिरातीतल्या क्रमाने लावा. अनुभवाच्या जोरावर अर्ज केला असेल, तर प्रमाणपत्रावर कार्यालयाचं नाव, कामाची सुरुवात आणि शेवटाची तारीख, भाषाजोडी, ‘अनुवादाचं काम’ हा स्पष्ट उल्लेख आणि सही करणाऱ्याचं पदनाम पाहिजे. ‘कार्यालयीन काम समाधानकारक’ अशा मोघम पत्राने काही होत नाही. सध्या सरकारी नोकरीत असाल, तर खात्याचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि ते अर्जाच्या वेळीच मागून ठेवलेलं बरं.

पसंतीक्रम भरताना नेमणुकीचा विचार करा. केंद्रीय सचिवालय राजभाषा सेवेतल्या बहुतेक जागा दिल्लीत असतात. कनिष्ठ अनुवाद अधिकारी वेतन स्तर ६ मध्ये, म्हणजे ३५,४०० रुपये मूळ वेतनावर सुरुवात करतो, वरिष्ठ अधिकारी स्तर ७ मध्ये ४४,९०० वर. बँकांत बदल्या देशभर होतात. घर सोडायचंच नसेल, तर बंदर, शिपयार्ड आणि इथल्या संशोधन संस्था यांच्या स्वतःच्या जाहिरातींवर भर द्या, आणि तशी एखादी जागा निघेपर्यंत दिल्लीची नेमणूक नाकारायची की नाही, हे घरच्यांशी बोलून रुजू होण्याच्या मुदतीच्या आत ठरवा. मुदतवाढ लेखी मागावी लागते आणि ती मिळेलच असं नाही.